जुनी ‘बीएमपी’ कधी जाणार, नवी गाडी कधी येणार? लष्कराच्या उभयचर गाड्यांच्या खरेदीचा पूर्ण हिशेब

बेळगाव : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा महापूर निपाणी-चिकोडी भागात कुणी विसरलेले नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळूर वाहतूक दोन्ही वेळा ठप्प झाली. पाणी चढले की ट्रक जिथे थांबतो तिथून पुढे बोट लागते, आणि बोट जिथे चिखलात रुतते तिथून पुढे पुन्हा गाडी लागते. रस्ता आणि पाणी दोन्ही एकाच गाडीने पार करायचे, ही अडचण पूरग्रस्त गावाला आहे तशीच सैन्यालाही आहे. फरक एवढाच की, सैन्याच्या वेळी समोरच्या काठावरून गोळीबार चालू असतो.

जमीन आणि पाणी दोन्हीवर चालणाऱ्या अशा गाडीला उभयचर गाडी म्हणतात. भारतीय सैन्याकडे अशा गाड्या मोठ्या संख्येने आहेत. पण त्यांचे मूळ डिझाइन सोव्हिएत काळातले आहे आणि त्या बदलण्याचे काम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. दर काही महिन्यांनी ‘इतक्या हजार कोटींच्या संरक्षण खरेदीला मंजुरी’ अशी बातमी झळकते आणि ज्यांचा मुलगा सैन्यात आहे त्या घरात वाटते, नवी गाडी आलीच. सीमाभागात अशी घरे काही कमी नाहीत. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच सैनिक टाकळी आहे, आणि गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यात भरतीची तयारी करणारी पोरे पहाटेच्या रस्त्यावर रोज दिसतात. म्हणून ‘मंजुरी’ आणि ‘गाडी’ यांच्यामध्ये नेमके काय काय असते, ते एकदा नीट मांडून पाहणे गरजेचे आहे.

गाडी पाण्यावर तरंगते कशी?

नदीवर पूल नसला किंवा पूर आला की कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसे गुऱ्हाळाची काहील पाण्यात ढकलतात आणि तिच्यात बसून पलीकडे जातात. काहील लोखंडाची, तरी बुडत नाही. कारण ती जितके पाणी बाजूला सारते, त्या पाण्याचे वजन काहील आणि आतली माणसे यांच्या एकूण वजनाइतके भरते. माणसे वाढली की काहील खोल जाते आणि कड पाण्याला टेकते.

लष्करी गाडीचे गणित तेच आहे. सैन्यात सध्या मुख्यतः वापरली जाणारी बीएमपी-२ ही पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी साधारण १४ टनांची आहे. तरंगायचे तर तिला सुमारे १४ हजार लिटर पाणी बाजूला सारावे लागते. पाण्यात शिरताना चालक पुढची फळी उभी करतो, म्हणजे लाट अंगावर चढत नाही. आत झिरपलेले पाणी पंपाने बाहेर फेकले जाते. पाण्यात ढकलणारा वेगळा पंखा नसतो. जमिनीवर चालवणारे तेच पट्टे पाण्यातही फिरतात आणि गाडी ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने पुढे सरकते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘नदी पार करू शकते’ असे म्हटले की गाडी तरंगतेच असे नाही. टी-७२ सारखा चाळीस टनांपेक्षा जड रणगाडा तरंगत नाही. तो नदीच्या तळावरून चालत जातो आणि खोल पाणी असेल तर हवेसाठी त्याला वर नळी लावतात. २८ जून २०२४ च्या रात्री लडाखमध्ये श्योक नदीत सराव आटोपून परतताना असाच एक टी-७२ अडकला. पाणी अचानक वाढले आणि पाच जवान गेले. डोंगरी नदीचे पाणी किती वेळात किती चढेल याचा भरवसा नसतो. पूरभागात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आजवर काय काय होते?

सुरुवातीला सैन्याकडे स्कॉट आणि टोपास या पूर्व युरोपीय बनावटीच्या चिलखती गाड्या होत्या. त्याच काळात पीटी-७६ हा तरंगणारा हलका सोव्हिएत रणगाडा होता. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या नद्या-खाड्यांच्या मुलखात त्याचा मोठा उपयोग झाला. नोव्हेंबर १९७१ मधल्या गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ लढले. तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा तरंगतो म्हणून जवान त्याला ‘पिप्पा’ म्हणत. त्याच नावाचा चित्रपट २०२३ मध्ये आला.

सत्तरच्या दशकात बीएमपी-१ आली. २ एप्रिल १९७९ रोजी मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला आहे. बीएमपी चालवणारा, तिच्यातून लढणारा जवान तिथेच तयार होतो. पुढे बीएमपी-२ देशातच बनवायचे ठरले. त्यासाठी तेलंगणातल्या मेदकजवळ आयुध कारखाना उभारला गेला आणि १९८७ मध्ये पहिल्या गाड्या सैन्याला मिळाल्या. नाव ठेवले ‘सारथ’. तीन जणांचा चमू, आत सात सैनिक, ३० मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, अशी तिची रचना आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध कारखाना मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून मेदकचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या कंपनीकडे आहे.

याच सांगाड्यावर इतर गाड्याही झाल्या. ‘नाग’ क्षेपणास्त्र वाहणारी नामिका ही त्यातलीच. नदीची खोली, काठाची चढण, तळाचा चिखल तपासणारी इंजिनिअर दलाची टेहळणी गाडीही त्याच सांगाड्यावरची. तिची पहिली तुकडी डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात सैन्यात दाखल झाली. म्हणजे बीएमपी-२ बदलायची म्हटले की एक गाडी बदलत नाही, अख्खे घराणे बदलावे लागते.

बदलायची कशासाठी?

गाडी अजून चालते, मग बदलायची का, असा प्रश्न साहजिक आहे. कारणे तीन.

पहिले, चिलखत. बीएमपी-२ हलकी आहे म्हणून तरंगते, आणि हलकी आहे म्हणूनच तिचे चिलखत पातळ आहे. आजची क्षेपणास्त्रे, सुरुंग आणि डोक्यावरून येणारे ड्रोन यांच्यापुढे ते अपुरे पडते.

दुसरे, डोळे. रात्री दिसण्याची, दूरचे लक्ष्य ओळखण्याची आणि शेजारच्या गाडीशी माहिती वाटून घेण्याची साधने आता लढाईत निर्णायक ठरतात. जुन्या गाडीत ती वरून बसवावी लागतात. प्रत्येक वाढीव यंत्राला वीज लागते, जागा लागते आणि वजन वाढते ते वेगळेच.

तिसरे, उंची. २०२० नंतर पूर्व लडाखमध्ये चिलखती गाड्या मोठ्या संख्येने न्याव्या लागल्या. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी होतो. मैदानात पुरेसे वाटणारे इंजिन तिथे धापा टाकते.

नव्या गाडीची गोष्ट, वर्षांच्या भाषेत

बीएमपी-२ ची जागा घेणाऱ्या गाडीला फ्युचरिस्टिक इन्फंट्री कॉम्बॅट व्हेइकल, थोडक्यात एफआयसीव्ही म्हणतात. तिचा प्रवास असा :

• २०१० : संरक्षण मंत्रालयाने टाटा, महिंद्र, लार्सन अँड टुब्रो आणि आयुध कारखाना मंडळ या चौघांकडून प्रस्ताव मागवले. नमुना गाडी बनवण्याच्या खर्चातला ८० टक्के वाटा सरकारचा, २० टक्के कंपनीचा, असे सूत्र होते.

• २०१२ : ती प्रक्रिया रद्द झाली.

• २०१६ : जानेवारीत पुन्हा सुरुवात. या वेळी दहा कंपन्यांना विचारणा झाली. तीही पुढे सरकली नाही.

• २०२१ : जूनमध्ये नव्याने माहिती मागवली गेली. गरज १,७५० गाड्यांची. त्यातल्या सुमारे ५५ टक्के तोफ असलेल्या, बाकीच्या विशेष कामाच्या. वाळवंट, मैदान आणि उंच पर्वतीय भाग तिन्हीकडे चालणाऱ्या आणि पाण्यावर तरंगणाऱ्या गाड्या हव्यात, असे त्यात होते.

• २०२२ : २२ डिसेंबरला संरक्षण खरेदी परिषदेने २४ प्रस्तावांना मिळून ८४,३२८ कोटी रुपयांची तत्त्वतः मंजुरी दिली. त्यात एफआयसीव्ही, हलका रणगाडा आणि वाहनावरची तोफ हेही होते.

त्यानंतरची २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षे उत्पादनाच्या करारावाचून गेली.

आता साधा हिशेब करून पाहू. २०२१ च्या विचारणेत करार झाल्यापासून दोन वर्षांत पुरवठा सुरू व्हावा आणि वर्षाला ७५ ते १०० गाड्या मिळाव्यात, अशी अपेक्षा होती. वर्षाला १०० धरल्या तरी १,७५० गाड्यांना साडेसतरा वर्षे लागतात. ७५ धरल्या तर तेवीस वर्षांहून जास्त. त्यात सुरुवातीची दोन वर्षे मिळवा. आज पहिलीत असलेले पोर मोठे होऊन भरती झाले तरी त्याच्या वाट्याला जुनी बीएमपी येऊ शकते. आणि हा हिशेब सगळे काही वेळेवर झाले तर.

अडते कुठे?

दोष एकट्या फायलीचा नाही. गाडीकडून ज्या गोष्टी मागितल्या जातात त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. चिलखत वाढवले की वजन वाढते. वजन वाढले की तरंगण्यासाठी गाडी मोठी करावी लागते. मोठी केली की ती शत्रूला लांबून दिसते, रेल्वेच्या वाघिणीत आणि विमानात मावत नाही. उंचावर दम टिकावा म्हणून मोठे इंजिन घातले की पुन्हा वजन. काहिलीत आणखी किती माणसे बसवायची, हाच प्रश्न फिरून फिरून येतो.

म्हणून जगभर काहींनी तरंगण्याची अटच सोडली. अमेरिकेची चाकांवरची स्ट्रायकर ही त्यातली एक. ती पाण्यावर तरंगत नाही. १३ फेब्रुवारी २०२५ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात स्ट्रायकरच्या खरेदी आणि सहउत्पादनाचा उल्लेख आला, तेव्हा हाच मुद्दा चर्चेत राहिला. पंजाबमध्ये नद्या आणि कालवे आडवे येतात, तिथे तरंगण्याची क्षमता सोडायची की नाही हा सैन्यापुढचा खरा निर्णय आहे.

दुसरा पर्याय आपल्या शेजारचाच आहे. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने टाटांबरोबर आठ चाकांची ‘व्हॅप’ ही गाडी तयार केली. २०१४ मध्ये ती प्रदर्शनात दिसली. पाण्यात पुढे जाण्यासाठी तिला वॉटरजेट आहेत. याच सांगाड्यावरची सैनिक वाहून नेणारी गाडी एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात सैन्याला मिळाली. गंमत अशी की, मोरोक्कोने ही गाडी घेतली आणि २३ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या बेरशीद गावी टाटांच्या कारखान्याचे उद्घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले. म्हणजे गाडी बनवण्याची क्षमता देशात आहे. पण चाकांची गाडी रस्त्यावर वेगवान असते, तर पट्ट्यांची गाडी वाळू-चिखलात रणगाड्याच्या बरोबरीने चालते. त्यामुळे एक दुसरीची जागा पूर्ण घेऊ शकत नाही.

खरेदीच्या पायऱ्या

लष्करी खरेदी ही ग्रामपंचायतीच्या किंवा पीडब्ल्यूडीच्या टेंडरची मोठी बहीण म्हणावी. सध्याची नियमावली १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेली संरक्षण संपादन प्रक्रिया, म्हणजे डीएपी-२०२०. तिच्या मुख्य पायऱ्या अशा :

१. माहितीची विचारणा : बाजारात काय मिळते, कोण बनवू शकतो, हे कंपन्यांना विचारले जाते. यात खरेदीचे कोणतेही आश्वासन नसते.

२. गुणवत्तेच्या अटी : वजन, वेग, तोफ, पाण्यातली क्षमता. इथे अट अवास्तव टाकली तर पुढे एकही कंपनी टिकत नाही, आणि ढिली टाकली तर जवानाच्या हाती कमकुवत गाडी येते. बहुतेक खरेदी बिघडते ती याच पायरीवर.

३. तत्त्वतः मंजुरी : यालाच एओएन म्हणतात. गरज मान्य, साधारण रक्कम मान्य, कोणत्या प्रकारात घ्यायचे ते ठरले. पहिली पसंती देशात डिझाइन, विकास आणि उत्पादन झालेल्या मालाला. ठरलेल्या मुदतीत पुढची निविदा निघाली नाही तर ही मंजुरी बाद होते.

४. निविदा : कंपन्या दोन लिफाफे देतात, एक तांत्रिक आणि एक किमतीचा. तांत्रिक लिफाफा आधी उघडतो.

५. प्रत्यक्ष चाचणी : उन्हाळ्यात वाळवंट, हिवाळ्यात पर्वत, आणि पाणी. ऋतू चुकला तर वर्ष गेले. कंपनीला नमुना गाडी स्वतःच्या खर्चाने आणावी लागते.

६. किंमत : चाचणीत उतरलेल्यांचेच दुसरे लिफाफे उघडतात. सर्वांत कमी दराच्या कंपनीशी, म्हणजे एल-१ शी, वाटाघाटी होतात.

७. अंतिम मंजुरी आणि करार : फार मोठ्या रकमेला पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची संमती लागते. मगच सही.

८. करारानंतर : हप्ते, तपासणी, उशिराचा दंड, सुटे भाग, चालक-मेकॅनिकचे प्रशिक्षण.

नवी गाडी मुळातच विकसित करायची असेल तर ‘मेक’ नावाची वेगळी वाट आहे. ‘मेक-१’ मध्ये नमुना गाडीच्या खर्चातला ७० टक्क्यांपर्यंतचा भार सरकार उचलते. ‘मेक-२’ मध्ये खर्च कंपनीचा. शेकडो कोटी घालून नमुना बनवायचा आणि नंतर ऑर्डर आलीच नाही तर काय, ही कंपन्यांची भीती २०१२ आणि २०१६ च्या अनुभवानंतर खोटी म्हणता येत नाही.

पैशाची बाजूही पाहावी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी सुमारे १ लाख ८० हजार कोटी रुपये होते. पण त्यातला मोठा भाग आधीच सही झालेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. नव्या खरेदीला उरते ते त्यानंतरचे, आणि तेही ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाही तर परत जाते. घरात जुन्या कर्जाचे हप्ते चालू असताना नवा ट्रॅक्टर घ्यायचा, त्यातलाच प्रकार.

जुन्या गाडीची काळजी हाही खरेदीचाच भाग

लोकांचे लक्ष नव्या गाडीकडे असते. पण नवी येईपर्यंतची पंधरा-वीस वर्षे जवान जुन्याच गाडीत बसणार असतो. म्हणून बदलाच्या योजनेत दोन हिशेब बरोबर चालवावे लागतात : नव्या गाडीचा वेग आणि जुन्या गाडीचे आयुष्य.

भारताने जुन्याची सोय काही प्रमाणात केली. २ जून २०२० रोजी सुधारित १५६ बीएमपी-२ गाड्यांची १,०९४ कोटी रुपयांची मागणी आयुध कारखाना मंडळाकडे नोंदवली गेली. म्हणजे गाडीमागे सुमारे ७ कोटी. २८५ अश्वशक्तीचे इंजिन, जमिनीवर ताशी ६५ आणि पाण्यात ताशी ७ किलोमीटर वेग, असे तिचे वर्णन होते. नवे येईना म्हणून जुन्याच जातीची नवी गाडी घेतली, असा त्याचा साधा अर्थ.

पीटी-७६ च्या बाबतीत तेही झाले नाही. तो सेवेतून गेला आणि त्याच्या जागी हलका रणगाडा आलाच नाही. २०२० मध्ये लडाखमध्ये गरज पडली तेव्हा हाताशी होते ते जड रणगाडे. त्यानंतर डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी २५ टनांचा, पाणी पार करू शकणारा ‘झोरावर’ हाती घेतला. जुलै २०२४ मध्ये गुजरातमधल्या हाजिऱ्यात तो पाहायला मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४,२०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर त्याच्या चाचण्या झाल्या. मधली पोकळी मात्र कित्येक वर्षांची.

बदल लांबला की काय होते, याचे सर्वांत कडू उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथल्या मरीन दलाच्या उभयचर गाड्या १९७२ पासूनच्या. त्यांच्या जागी ईएफव्ही नावाची वेगवान गाडी आणायचे ठरले. सुमारे तीन अब्ज डॉलर खर्च झाल्यावर जानेवारी २०११ मध्ये तो प्रकल्प बंद केला गेला. जुन्या गाड्या चालत राहिल्या. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सरावात त्यातली एक गाडी पाणी शिरून बुडाली. आठ मरीन आणि एक नौसैनिक असे नऊ जण गेले. गाडीची अवस्था वाईट होती आणि बुडत्या गाडीतून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण अपुरे होते, असे चौकशीत निघाले. डिसेंबर २०२१ मध्ये त्या गाड्यांना नेहमीच्या कामासाठी पाण्यात उतरवणेच बंद झाले.

तिथे नव्या गाडीचा करार २०१८ मध्येच झाला होता. म्हणजे अपघात झाला तेव्हा नवी गाडी कागदावर मंजूर होती, कारखान्यात बनतही होती. जवान मात्र जुन्या गाडीत होते. आणि नवी आल्यावरही सगळे सुरळीत झाले नाही. जुलै २०२२ मध्ये दोन नव्या गाड्या उंच लाटेत निकामी झाल्या आणि त्यांच्या समुद्रातल्या वापरावर काही काळ निर्बंध आले. गाडी बदलली की चालवण्याची पद्धत, सराव आणि दुरुस्तीही बदलावी लागते.

तरंगणाऱ्या गाडीत पाणी रोखणारे रबर, झाकणे आणि पंप या वस्तू किमतीने किरकोळ, पण त्यांच्यावरच सगळे अवलंबून. नव्या गाडीची ऑर्डर जवळ आली की जुन्या गाडीच्या सुट्या भागांवरचा खर्च आखडता घेण्याचा मोह कोणत्याही खात्याला होतो. चांगल्या खरेदी-व्यवस्थापनाची परीक्षा तिथेच असते.

सीमाभागाला यात काय?

पहिला संबंध माणसांचा, तो वर आलाच. दुसरा संबंध कामाचा. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्री, मशीनिंग आणि हायड्रॉलिकची कामे करणारे कारखाने आहेत. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारे एसईझेड आहे. पलीकडे कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. चिलखती गाडी मोठी कंपनी जुळवते, पण तिच्यातले कास्टिंग, गिअरचे भाग, व्हॉल्व्ह, पंप हे असंख्य लहान पुरवठादारांकडून येते. देशी बनावटीच्या मालाला प्राधान्य असल्याने मोठ्या कंपन्यांना असे पुरवठादार शोधावेच लागतात. आयात होणाऱ्या सुट्या भागांची यादी सरकारच्या ‘सृजन’ पोर्टलवर ऑगस्ट २०२० पासून उपलब्ध आहे, आणि नवे तंत्रज्ञान बनवणाऱ्यांसाठी २०१८ पासून ‘आयडेक्स’ योजना आहे.

पण धोकाही समजून घ्यावा. मंजुरीची बातमी वाचून कर्ज काढून मशीन घेतले आणि करार पाच वर्षे लांबला, तर हप्ता बँकेला थांबत नाही. मोठ्या कंपनीची पक्की ऑर्डर हातात आल्याशिवाय गुंतवणूक करू नये, हा व्यवहाराचा साधा नियम इथे जास्तच लागू पडतो.

तिसरा संबंध पुराचा. सगळ्या उभयचर गाड्या तोफेच्या नसतात. सैन्याने जेएसडब्ल्यू गेको या कंपनीकडून ‘अ‍ॅटोर एन-१२००’ या मोठ्या फुग्यासारख्या चाकांच्या, पाण्यात तरंगणाऱ्या ९६ गाड्या सुमारे २५० कोटी रुपयांना घेतल्या. ऑगस्ट २०२५ च्या पंजाब पुरात अमृतसर जिल्ह्यात त्यांनी अडकलेल्यांना बाहेर काढले. चिलखत नको, तोफ नको, अटी मोजक्या. त्यामुळे ही खरेदी एफआयसीव्हीच्या मानाने लवकर झाली. कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा आणि घटप्रभा दर काही वर्षांनी पात्र सोडतात त्या भागाने, दोन्ही राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे अशा गाडीचा आग्रह धरायला हरकत नाही.

बातमी वाचताना काय पाहावे?

• ‘मंजुरी’ कोणती? तत्त्वतः मंजुरी म्हणजे करार नव्हे. मध्ये निविदा, चाचणी आणि किंमत या पायऱ्या बाकी असतात.

• रक्कम एका वस्तूची की अनेक प्रस्तावांची? ८४,३२८ कोटी हा आकडा २४ प्रस्तावांचा होता, एकट्या गाडीचा नव्हे.

• ‘यशस्वी चाचणी’ कुणी केली? कंपनीची स्वतःची चाचणी वेगळी, सैन्याने घेतलेली वेगळी.

• करार झाला असेल तर वर्षाला किती गाड्या? एकूण संख्येला त्या आकड्याने भागले की शेवटची गाडी कधी येईल ते कळते.

• जुन्या गाड्यांसाठी काय तरतूद आहे? बातमीत हे नसेल तर बातमी अर्धीच आहे.

शेवटचा प्रश्न लोकप्रतिनिधींनाही विचारता येतो. संसदेत संरक्षण खात्यावर प्रश्न विचारण्याचा अधिकार बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांना आहेच. नवी गाडी कधी, हे विचारताना तोवर जुन्या गाडीचे पंप आणि रबर वेळेवर बदलले जातात का, हेही विचारावे. आपली मुले आज त्याच गाडीतून पाण्यात उतरत आहेत.